आमवात आणि आहारातलं तेल: औषधाच्या चिठ्ठीत तेलाची ओळ का नसते?

तिरफळ (मूळ प्रश्न)

जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की ॲस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, आणि सूज-वेदना कमी होण्यामागे हेच कारण आहे. १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिब ही सगळी त्याच वाटेवरची औषधं. हे प्रोस्टाग्लँडिन बनतं अरॅकिडोनिक आम्लापासून. ते आम्ल पेशींच्या आवरणात बसलेलं असतं आणि तिथे पोचतं ते आपल्या ताटातून: मांस-अंड्यांतून थेट, नाहीतर सूर्यफूल-करडईच्या तेलातल्या लिनोलेइक आम्लावर यकृतात प्रक्रिया होऊन.

प्रोस्टाग्लँडिन बनवणारं विकर (एन्झाइम) अडवणारी गोळी प्रत्येक चिठ्ठीत असते. ज्या मेदाम्लावर ते विकर काम करतं ते कुठून आलं, हे मात्र कोणी विचारत नाही. रुग्णाने स्वतःहून काढलं तर "सगळं खा, वजन सांभाळा" एवढ्यावर विषय संपतो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात, त्यावर माशाच्या तेलाच्या चाचण्या १९८० च्या दशकापासून आहेत. मग चाळीस वर्षांत ही गोष्ट ओपीडीपर्यंत का पोचली नाही? औषध कंपन्यांना त्यात पैसा नाही, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे, ते पुरेसं वाटत नाही. आणि दुसरं: ज्याला खरोखर करून बघायचं आहे त्याने किती, काय आणि किती दिवस घ्यावं?

"मला फरक पडला" प्रकारचे प्रतिसाद कृपया नकोत. मात्रा आणि चाचण्या हव्यात.

---

दुपारची ओपीडी

"कोणी विचारत नाही" हे अर्धंच बरोबर आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०२२ मध्ये आमवाताच्या रुग्णांसाठी आहार-व्यायामाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ठाम शिफारस एकच, नियमित व्यायामाची. भूमध्यसागरी आहाराची शिफारस आहे, पण सशर्त. आणि पूरक गोळ्यांच्या, म्हणजे माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसकट सगळ्यांच्या, सशर्त विरोधात मत आहे. गंमत अशी की भूमध्यसागरी आहारातून ऑलिव्ह तेल, मासे आणि अक्रोड काढून टाकले तर उरते ती भाजी-भाकरी. म्हणजे स्निग्ध पदार्थांचं महत्त्व मागच्या दाराने मान्य केलं आणि पुढच्या दाराने नाकारलं.

आता कारणं. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण पैसा नाही, वेळ आहे. वेदनाशामक गोळी तासाभरात जाणवते. स्टेरॉइड दोन दिवसांत. आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, त्याला सहा ते बारा आठवडे लागतात, पण त्याने हाडांची झीज मंदावते हे एक्स-रेवर दाखवता येतं. माशाच्या तेलाला दोन ते तीन महिने लागतात आणि झीज मंदावते असं कोणत्याही चाचणीने पक्कं दाखवलेलं नाही. आमवातात सांध्याचं कायमचं नुकसान बरंचसं पहिल्या एक-दोन वर्षांतच होतं. त्या काळात रुग्ण "आधी आहाराने बघतो" म्हणून सहा महिने घालवतो, तेव्हा बोटं वाकायला लागलेली असतात. हे वारंवार पाहणारा डॉक्टर आहाराचा विषय निघाला की सावध होतो. त्याचा आखडता हात तिथून आलेला आहे, तो निव्वळ अज्ञानातून आलेला नाही.

अज्ञानही आहेच, ते नाकारत नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्रात अरॅकिडोनिक आम्लाचा तक्ता पाठ होतो. त्या तक्त्याचा आणि जेवणाचा संबंध पुढे एकाही विषयात कोणी जोडून देत नाही. आणि पन्नास रुग्णांच्या ओपीडीत एकेकाला पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात "महिन्याला तेल किती, कुठलं" हे विचारणं राहून जातं.

तिसरं कारण चाचण्यांचं. जुन्या चाचण्या छोट्या, वीस ते साठ रुग्णांच्या. तुलनेच्या गटाला बहुतेक ठिकाणी ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल दिल्या, आणि ऑलिव्ह तेल स्वतः निष्क्रिय नाही. माशाच्या तेलाची ढेकर आली की आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णाला कळतंच. शिवाय प्रत्येकाची मात्रा वेगळी. असं सगळं एकत्र करून काढलेल्या निष्कर्षाला समितीत "कमी दर्जाचा पुरावा" असा शिक्का बसतो, आणि तो चुकीचा नसतो.

---

स्निग्धांश

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण एक चाचणी सुटली आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या गटाने नव्याने आमवात झालेले १४० च्या आसपास रुग्ण घेतले. सगळ्यांना एकाच वेळी तीन औषधं: मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. औषध कधी वाढवायचं हे आधीच ठरवलेल्या नियमाने, डॉक्टरच्या मर्जीने नाही. एका गटाला रोज ५.५ ग्रॅम ईपीए अधिक डीएचए (माशाच्या तेलातली दोन मुख्य ओमेगा-३ मेदाम्लं), दुसऱ्याला ०.४ ग्रॅम. वर्षभरात तीन औषधं अपुरी पडून पुढचं औषध जोडावं लागलेल्यांचं प्रमाण कमी मात्रेत ३२ टक्के, जास्त मात्रेत १०.५ टक्के. रोग शमण्याचं प्रमाणही जास्त मात्रेत वरचढ. ही चाचणी २०१५ च्या 'ॲनल्स ऑफ द ऱ्हुमॅटिक डिसीजेस' मध्ये छापली गेली. औषधाऐवजी तेल असा तिचा प्रश्नच नव्हता, औषधासोबत तेल असा होता. म्हणून सहा महिने वाया जाण्याचा आक्षेप इथे लागू होत नाही.

आता कमी मात्रा नीट बघा: ०.४ ग्रॅम. "आठवड्यातून दोनदा मासे खा" हा जो सल्ला जगभर दिला जातो, त्यातून रोजचे सरासरी एवढेच पडतात. म्हणजे आपण ज्याला भरपूर मासे खाणं म्हणतो, तो या चाचणीत तुलनेचा गट होता! हृदयासाठी तो सल्ला ठीक असेल. सांध्यांसाठी तो मात्रेच्या आसपासही नाही. "मी मासे खातो, काही फरक नाही" आणि "मी रोज एक कॅप्सूल घेतो, काही फरक नाही" या दोन्ही तक्रारींचं मूळ इथे आहे.

आमवातात दाहशामक परिणाम दिसायला रोज साधारण २.७ ग्रॅम ईपीए अधिक डीएचए लागतात, आणि तेही दोन-तीन महिने सलग. असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. ईपीए आणि अरॅकिडोनिक आम्ल दोन्ही वीस कार्बनांची, त्याच विकरांच्या तोंडी जाणारी. अरॅकिडोनिकपासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि ल्युकोट्राइन बी-४ बनतात, ईपीएपासून ई-३ आणि बी-५. बी-५ ची पांढऱ्या पेशींना सांध्याकडे खेचण्याची ताकद बी-४ च्या कित्येक पटींनी कमी. पण त्यासाठी ईपीए आधी पेशींच्या आवरणात शिरून अरॅकिडोनिकला तिथून हटवायला हवं. आवरण रातोरात बदलत नाही, लाल पेशीच १२० दिवस जगते. म्हणून पंधरा दिवसांत "काही झालं नाही" म्हणून बाटली बंद करणाऱ्याने मुळात काही तपासलेलंच नसतं.

सतरा चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये आला होता. त्यात सकाळचा ताठरपणा, दुखणाऱ्या सांध्यांची संख्या आणि वेदनाशामकांचा वापर कमी झाला. डंडीच्या २००८ च्या चाचणीत रोज १० ग्रॅम कॉड लिव्हर ऑइल नऊ महिने दिलं, त्यात २.२ ग्रॅम ओमेगा-३ होतं. वेदनाशामक ३० टक्क्यांहून जास्त कमी करू शकलेले रुग्ण तेलाच्या गटात ३९ टक्के, दुसऱ्या गटात १० टक्के. पोटात अल्सर किंवा मूत्रपिंड नाजूक असलेल्या रुग्णासाठी हा फायदा किरकोळ नाही.

---

शंकासुर

मग लगेच "सूर्यफूल तेल विष आहे" वाले येतील, त्याआधीच लिहितो.

लिनोलेइक आम्ल जास्त खाल्लं की अरॅकिडोनिक वाढतं आणि त्यामुळे दाह वाढतो, ही साखळी कागदावर सुंदर दिसते. प्रत्यक्ष माणसांत मोजल्यावर ती दुसऱ्याच पायरीवर तुटते. लिनोलेइक कमी-जास्त केलं तरी रक्तातलं आणि पेशींतलं अरॅकिडोनिक जवळजवळ हलत नाही, शरीर ते घट्ट धरून ठेवतं. २०११ चा या विषयावरचा आढावा हेच सांगतो. २०१२ च्या दुसऱ्या आढाव्यात निरोगी माणसांवरच्या नियंत्रित चाचण्या तपासल्या. लिनोलेइकने सीआरपीसारखे दाहाचे निर्देशक वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. @तिरफळ, तुमच्या प्रश्नातलं "कुठून आलं हे कोणी विचारत नाही" हे वाक्य म्हणूनच जरा सैल आहे. विचारलं गेलं आणि उत्तर अपेक्षेसारखं आलं नाही.

मुख्य प्रवाहाने हा विषय बाजूला ठेवला याची अर्धी जबाबदारी आहारवाद्यांची आहे. ओमेगा-६ (लिनोलेइक त्यातलंच) आणि ओमेगा-३ चं गुणोत्तर ४:१ असेल तर सगळे रोग पळतात, अशी पुस्तकं निघाली. गुणोत्तर हा वाईट मापदंड आहे. ८ ग्रॅमला २ ग्रॅम आणि ०.८ ला ०.२, दोन्हीकडे ४:१ च, पण दुसऱ्या माणसाला मेदाम्लांची कमतरता आहे!

आणि "दाहजन्य आजार" ही एक वस्तू नव्हे. क्रोन्सच्या (आतड्यांच्या दाहाच्या) आजारात १९९६ मध्ये एका छोट्या इटालियन चाचणीने आशा दाखवली. मग एपिक-१ आणि एपिक-२ या मोठ्या चाचण्या झाल्या, रोज ४ ग्रॅम. २००८ मध्ये निकाल आला, आजार उलटणं थांबलं नाही. डोळे कोरडे पडण्याच्या आजारात २०१८ ची ड्रीम चाचणी, रोज ३ ग्रॅम: ऑलिव्ह तेलापेक्षा सरस नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये २०१२ ची नॉर्वेची चाचणी: फायदा नाही. आणि ॲडलेडसह ऑस्ट्रेलियातल्या केंद्रांवर गुडघ्याच्या झिजेच्या, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, दोनशेवर रुग्णांवर दोन वर्षं काय झालं? ४.५ ग्रॅमच्या गटापेक्षा ०.४५ ग्रॅमच्या गटाला वेदना कमी होत्या. जास्त मात्रा हरली.

म्हणून गुडघेदुखीवाल्या काकूंना वरची ५.५ ग्रॅमची चाचणी दाखवून नऊ-नऊ कॅप्सूल खायला लावू नका. आमवात वेगळा, झीज वेगळी, गाउट वेगळा. निदान आधी.

---

स्निग्धांश

@शंकासुर, अरॅकिडोनिकबद्दलचा मुद्दा मान्य. पण त्याने लिनोलेइक सुटत नाही. लिनोलेइक आणि जवसातलं अल्फा-लिनोलेनिक (वनस्पतींतलं ओमेगा-३), दोघांना पुढे नेणारं डेल्टा-६ डिसॅच्युरेज विकर एकच आहे. लिनोलेइकचा पूर असेल तर अल्फा-लिनोलेनिकचं ईपीएमध्ये रूपांतर आणखी घटतं, आणि पेशींच्या आवरणात ईपीएला जागा कमी मिळते. दाह वाढवत नसेल, पण जे उपयोगी आहे त्याची वाट अडवतं.

दोन्ही एकत्र बदलल्याचं चांगलं उदाहरण अर्धशिशीचं आहे. 'बीएमजे' मध्ये २०२१ साली आलेली १८२ जणांची चाचणी, सोळा आठवडे, तेल आणि बरंचसं जेवण संशोधकांनी पुरवलेलं. फक्त ओमेगा-३ वाढवलं त्या गटात महिन्याचे डोकेदुखीचे दिवस सुमारे दोनने कमी झाले. ओमेगा-३ वाढवून लिनोलेइकही घटवलं त्या गटात सुमारे चारने. अर्धशिशी म्हणजे आमवात नाही हे कबूल, पण "लिनोलेइकला हात लावून काही होत नाही" हेही सरसकट म्हणता येत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातला हिशेब असा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा लागतो असं धरा. माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर, म्हणजे ३८ ग्रॅम. सूर्यफुलात लिनोलेइक साधारण ६० टक्के, तर रोजचे २३ ग्रॅम त्यातूनच. शेंगदाणा तेलात ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ११-१२ ग्रॅम. फक्त डबा बदलला की निम्मं. पारंपरिक करडई ७५ टक्के आणि कारळे ७० च्या पुढे, म्हणजे सूर्यफुलाच्याही वर. सोयाबीन ५० च्या थोडं वर, पण त्यात ७ टक्के अल्फा-लिनोलेनिक असतं. मोहरीत लिनोलेइक १५ च्या आसपास आणि अल्फा-लिनोलेनिक १० च्या जवळ, त्या बाबतीत मोहरी सगळ्यांत सोयीची. आपल्याकडे वास झेपत नाही ही अडचण. भात-कोंड्याचं तेल मध्ये, ३३ टक्के. बाजारात "हाय ओलेइक" लिहिलेलं सूर्यफूल किंवा करडई मिळते, तिचा हिशेब पूर्ण वेगळा, त्यात लिनोलेइक फार कमी. बाटलीच्या मागचा तक्ता वाचा. तिथे "पॉलीअनसॅच्युरेटेड" चा आकडा प्रत्येक १०० ग्रॅममागे दिलेला असतो, तो बहुतेक तेलांत लिनोलेइकचाच असतो.

ट्रान्स मेदाम्लांवर मात्र वाद नाही. ती सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ हे दाहाचे निर्देशक वाढवतात. भारतात तेल-वनस्पतीतली मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे. सुट्या खारी-नानकटाईत आणि गाड्यावरच्या काळ्या पडलेल्या तेलात काय असतं ते देव जाणे.

---

खारा वारा

माशांचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा होता, म्हणून.

मध्यम बांगडा साफ केल्यावर खाण्याजोगा गर ६०-७० ग्रॅम निघतो. बांगड्यात ईपीए-डीएचए मिळून १०० ग्रॅमला ढोबळमानाने एक ग्रॅम धरा. मासा कधी पकडला यावर हे निम्मं किंवा दीडपट होतं. पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत तारली आणि बांगडा चरबीने भरलेले असतात, तेव्हा जास्त. दोन बांगडे म्हणजे १.३ ग्रॅम. आठवड्यातून दोनदा खाल्ले तर रोजचे जेमतेम ०.४ पडतात, स्निग्धांश यांचा आकडा बरोबर जुळतो. २.७ ग्रॅम फक्त बांगड्यातून हवे असतील तर रोज चार बांगडे. कोकणातही हे कोणी करत नाही.

तारली (पेडवे) स्वस्त आणि या कामासाठी बांगड्याइतकीच चांगली. कोळंबी आणि बोंबील चवीला कितीही थोर असोत, या हिशेबात किरकोळ. त्यांच्यात चरबीच नाही. पापलेट महाग आहे म्हणून त्यात ओमेगा-३ जास्त, हा गैरसमज.

शिजवण्याबद्दल: रवा लावून खडखडीत तळलं की माशाची चरबी तेलात उतरते आणि तव्यावरचं सूर्यफूल तेल माशात शिरतं. कालवण किंवा तिखलं केलं तर जे बाहेर पडतं ते रश्श्यात राहतं आणि भातासोबत पोटात जातं. @तिरफळ, तुमच्या नावाचा मसाला घातलेलं बांगड्याचं तिखलं म्हणजे या बाबतीत उत्तम उत्तर.

---

तिरफळ

सर्वांचे आभार. @शंकासुर, तुमचा आक्षेप मान्य, प्रश्न सैलच होता.

दोन उपप्रश्न. एक, कॅप्सूल घ्यायचीच झाली तर डब्यावर नेमकं काय बघायचं आणि कोणी घेऊ नये? दोन, शाकाहारी माणसाने काय करायचं? "रोज जवसाची चटणी खा" हे उत्तर सगळीकडे मिळतं, पण वरच्या आकड्यांवरून ते पुरेल असं वाटत नाही.

---

मात्रा आणि मुदत

कॅप्सूलबद्दल लिहितो. औषधविक्रीतली बाजू.

डब्याच्या पुढे मोठ्या अक्षरात "१००० मिग्रॅ" लिहिलेलं असतं, ते माशाच्या तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात बघा: सर्वसाधारण कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, एकूण ३०० मिग्रॅ. २.७ ग्रॅमसाठी अशा नऊ लागतील. तीव्र केलेल्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये ६०० किंवा जास्त असतात, त्या चार-पाच पुरतात. किंमत कॅप्सूलमागे न बघता ईपीए-डीएचएच्या ग्रॅममागे काढा. महागडा दिसणारा डबा पुष्कळदा स्वस्त पडतो. "ओमेगा ३-६-९" लिहिलेलं घेऊ नका. ६ आणि ९ साठी पैसे मोजण्याचं काहीच कारण नाही, ते फोडणीतून येतंच.

कॉड लिव्हर ऑइलने हीच मात्रा गाठायला जाऊ नका. एका मोठ्या चमच्यात, १५ मिलिलिटरमध्ये, अ जीवनसत्त्व ४००० मायक्रोग्रॅमच्या आसपास असू शकतं आणि प्रौढांची रोजची वरची मर्यादा ३००० आहे. मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाच्या यकृतावर आधीच भार असतो. गरोदरपणात तर अ जीवनसत्त्वाची ही मात्रा बाळासाठी धोक्याची.

तीव्र केलेलं तेल बहुधा इथाइल एस्टरच्या रूपात असतं, ते रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही. म्हणून सकाळी चहासोबत नको, दोन मुख्य जेवणांत विभागून घ्या. ढेकरांचा त्रास हे सोडण्याचं पहिलं कारण असतं. जेवणाच्या मध्येच कॅप्सूल घेतली की बराच कमी होतो. डबा फोडल्यावर फ्रिजमध्ये. महिन्यातून एकदा एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. माशाचा सौम्य वास ठीक, रंगासारखा किंवा खवट वास आला तर डबा फेकून द्या. आपल्याकडच्या मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात पडून राहिलेला माल खवट निघणं नवलाचं नाही.

कोणी विचारल्याशिवाय घेऊ नये: ज्यांना हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, आहे किंवा होऊन गेला आहे. हृदयविकाराचा धोका असलेल्यांवरच्या मोठ्या चाचण्यांचं २०२१ मध्ये एकत्रीकरण झालं, त्यात रोज एक ग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत हा धोका ४९ टक्के वाढलेला दिसला, एक ग्रॅमपर्यंत १२ टक्के. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, जवळून बघा. रक्तस्रावाची भीती साधारण माणसासाठी जरा वाढवून सांगितली जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये रोज ५ ग्रॅमपर्यंत त्या बाबतीत चिंता नाही असं म्हटलं. तरी शस्त्रक्रियेआधी सर्जनला सांगायचंच.

मूळ "का" वर एक भर. वैद्यकाने तेलाकडे लक्ष दिलं अशी एक जागा आहे: शिरेतून दिला जाणारा आहार. सोयाबीन तेलाचं इमल्शन १९६० च्या दशकापासून वापरात आहे. आतडं निकामी असलेल्या बाळांना ते महिनोन्‌महिने दिलं की यकृतात पित्त तुंबायचं. बोस्टनच्या बालरुग्णालयात २००० च्या दशकात माशाच्या तेलाचं इमल्शन वापरून बघितलं, कावीळ उतरली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. दोष सोयाबीनमधल्या ओमेगा-६ चा, त्यातल्या वनस्पती-स्टेरॉलचा की एकूण मात्रेचा, यावर वाद आहे. पण बघा: मात्रा पंपावर मोजलेली, परिणाम बिलिरुबिनच्या (काविळीच्या तपासणीच्या) आकड्यात, उत्पादनामागे निर्माता उभा. या तिन्ही गोष्टी होत्या म्हणून ते झालं. ताटातल्या तेलाकडे तिन्ही नाहीत.

---

दुपारची ओपीडी

@तिरफळ, करून बघायचंच असेल तर मोजून करा. सुरू करण्याआधी ईएसआर आणि सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, आणि आठवड्यात वेदनाशामक गोळ्या किती, हे चार आकडे लिहून ठेवा. मेथोट्रेक्सेट (आठवड्यातून एकदाच, रोज नाही, रोज घेऊन जीव गेल्याची प्रकरणं आहेत) आणि बाकीची औषधं तशीच. त्या तीन महिन्यांत दुसरं काही नवीन सुरू करायचं नाही, नाहीतर कशाने काय झालं हे कळणार नाही. बारा आठवड्यांनी तेच आकडे पुन्हा. गोळ्या कमी झाल्या, ताठरपणा घटला तर चालू ठेवा. सोळा आठवड्यांनीही काही नसेल तर बंद करा आणि पैसे वाचवा. आकडे सुधारले म्हणून मेथोट्रेक्सेट स्वतः बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. आजार परत उसळतो तेव्हा आधीच्याच मात्रेत आटोक्यात येईल याची खात्री नसते.

---

स्निग्धांश

शाकाहारींसाठी. तुमचा अंदाज बरोबर आहे, जवस पुरत नाही. दोन मोठे चमचे जवसाची पूड, १४-१५ ग्रॅम, त्यात अल्फा-लिनोलेनिक सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. त्यातलं पाच ते आठ टक्के ईपीए होतं असं धरलं तर हातात ०.२ ग्रॅम; डीएचए जवळजवळ नाहीच. फिनलंडमध्ये १९९५ साली आमवाताच्या २२ रुग्णांवर जवस विरुद्ध करडई अशी छोटी चाचणी तीन महिने झाली, फरक पडला नाही. तरी चटणी खा, तंतुमय पदार्थ आणि चव दोन्ही आहेत. फक्त अख्खे दाणे गिळू नका, जसेच्या तसे बाहेर पडतात. मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, गार झाल्यावर कुटा, आठवड्यापुरतीच करा. कुटलेलं जवस लवकर खवट होतं. जवसाचं तेल फोडणीला कधीच वापरू नका, वरून घ्या.

मात्रा गाठायची असेल तर शैवालाच्या तेलाची कॅप्सूल हा एकच मार्ग. तिथेही मागचा तक्ता वाचा, बऱ्याच कॅप्सूलमध्ये डीएचएच असतं आणि ईपीए नावापुरतं. आमवाताच्या चाचण्या दोन्ही असलेल्या तेलावर झाल्या आहेत, तेव्हा ईपीएचा आकडा वेगळा लिहिलेला आणि किमान डीएचएच्या निम्मा असलेला डबा शोधा. वरचं कवच जिलेटिनचं नाही ना, तेही बघून घ्या. शाकाहारी म्हणून तेल शैवालाचं घ्यायचं आणि कवच गुराच्या हाडांचं, असं होऊ शकतं.